टिअरड्रॉप ट्रेलरला बाहेरची पेटी: वजन, माप आणि जोडणी

अमेरिकेत एसयूव्हीच्या मागे जोडलेला, पाच फूट रुंद आणि आठ-दहा फूट लांबीचा, थेंबाच्या आकाराचा छोटा ट्रेलर आता सगळीकडे दिसतो. आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण उचललं की छोटा ओटा. एवढंच. खुर्च्या, ताडपत्री, पाण्याचे कॅन, चाकाखाली घालायचे ठोकळे आणि पान्यांची पिशवी मग गादीवर जाते, आणि रोज रात्री झोपण्याआधी ती उपसावी लागते. त्यावर उपाय म्हणजे बाहेरची पेटी. बहुतेक लोक ती पुढच्या टंगवर, म्हणजे ट्रेलरचा जो त्रिकोणी सांगाडा गाडीकडे निमुळता होत जातो त्यावर बसवतात. जागा तीच योग्य आहे, पण भोक पाडायच्या आधी वजनाचा हिशोब झालाच पाहिजे. पेटी चुकीच्या जागी बसली किंवा जास्त भरली तर ट्रेलर हायवेवर डोलायला लागतो, आणि तो डोल सुरू झाल्यावर हातात फारसं काही उरत नाही.

आधी काटा

ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढे एक स्टिकर असतो. त्यावर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सामानासकट जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा लिहिलेला असतो. दुसरा आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात आणि हिचवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडायच्या सांगाड्यावर असतो: टंगचा किती भार, म्हणजे ट्रेलरचं पुढचं टोक गाडीवर टाकतं तो दाब, पेलेल. पुस्तकातला आणि हिचवरचा, यांत जो लहान तो तुमचा. क्लास १ हिचला साधारण २०० पौंड, क्लास २ ला ३५० पौंडांपर्यंत, पण गाडी कंपनीने कमी आकडा दिला असेल तर तोच पाळायचा. हिच मोठा लावला म्हणून गाडीची ताकद वाढत नाही.

आता सहलीला निघताना भरता तसाच ट्रेलर भरा, पाण्याची टाकीसुद्धा. हायवेलगतच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे ट्रक तोलायचा मोठा काटा असतो. तिथे आधी गाडी आणि ट्रेलर एकत्र तोला, मग ट्रेलर बाजूला लावून एकटी गाडी. वजाबाकी म्हणजे ट्रेलरचं वजन. टंगचा भार घरीच मोजता येतो. दोन पाइपचे तुकडे बरोबर ३६ इंचांवर ठेवा, एक ठोकळ्यावर आणि एक बाथरूममधल्या वजनकाट्यावर, दोन्ही एका उंचीला. त्यांवर चार बाय चारचा लाकडी दांडा आडवा टाका. आधी नुसत्या दांड्याचं वजन काट्यावर पाहून ठेवा. मग ठोकळ्याकडच्या पाइपपासून १२ इंचांवर कपलर, म्हणजे टंगच्या टोकाचा हिचच्या बॉलवर बसणारा भाग, टेकवा. काट्यावर येईल त्यातून दांड्याचं वजन वजा करून तीनने गुणा. मोजताना ट्रेलर समतल आणि कपलर ओढतानाच्या उंचीला हवा. टंगवरच्या जॅकच्या, म्हणजे ट्रेलरचं पुढचं टोक उचलून धरणाऱ्या पायाखाली मोजू नका; जॅक अ‍ॅक्सलच्या जास्त जवळ असतो, त्यामुळे आकडा फुगून येतो.

हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असायला हवा. १० च्या खाली गेला की ट्रेलर डोलतो. १५ च्या वर गेला की गाडीचं मागचं टोक बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही ढिले वाटतात.

नवीन पेटीने काय फरक पडेल ते त्रैराशिकाने काढता येतं: पेटीचं भरलेलं वजन, गुणिले अ‍ॅक्सलपासून पेटीच्या मध्यापर्यंतचं अंतर, भागिले अ‍ॅक्सलपासून कपलरपर्यंतचं अंतर. समजा ट्रेलर भरून १,५०० पौंड, टंगवर १६५ पौंड, म्हणजे ११ टक्के, अगदी ठीक. अ‍ॅक्सल ते कपलर १२० इंच. पेटी ४० पौंडांची, आत ६५ पौंड सामान, पेटीचा मध्य अ‍ॅक्सलच्या ८० इंच पुढे. १०५ गुणिले ८० भागिले १२०, म्हणजे ७० पौंड. टंगचा भार झाला २३५. टक्केवारी १४.६, म्हणजे मर्यादेत. पण गाडीची मर्यादा २०० असेल तर ३५ पौंड जास्त. टक्केवारी पाहून समाधान मानणारे लोक नेमके इथे फसतात. दोन्ही आकडे तपासायचे.

यावर सगळ्यात चांगला इलाज सहसा बॅटरीत असतो. टंगवर बसवलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण ६० पौंडांची असते. त्याच कामाची १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे २५ पौंडांची, आणि ती आत, अ‍ॅक्सलच्या वर बसवता येते. वरच्या उदाहरणात जुनी बॅटरी ज्या जागेवर होती तिथेच पेटी येत असेल, तर बॅटरी हलवल्याने टंगवरचे ४० पौंड (६० गुणिले ८० भागिले १२०) जातात. २३५ चे १९५ होतात, एकूण वजन १,५७० आणि प्रमाण १२.४ टक्के. चार्जर मात्र लिथियमला चालणारा घ्यावा लागतो, तो खर्च धरा.

एक कायद्याची गोष्ट. अनेक राज्यांत ट्रेलरला स्वतःचे ब्रेक ३,००० पौंडांपासून लागतात, पण कॅलिफोर्नियात कॅम्प ट्रेलरला १,५०० पौंडांपासूनच. आपल्या उदाहरणातला ट्रेलर पेटी लावण्याआधीच त्या रेषेवर आहे. आपल्या राज्याचा आकडा पाहून घ्या.

पुढे जड होतंय म्हणून मागच्या बंपरवरही एक पेटी लावून तोल साधायचा, हा विचार बऱ्याच जणांना सुचतो. टंगचा आकडा त्याने खरोखर बरोबर येतो. पण दोन्ही टोकांना वजन असलेला ट्रेलर एकदा आडवा हलला की थांबायला जास्त वेळ घेतो, कारण वजन मध्यापासून जितकं लांब तितका त्याचा झोका मोठा. मागे काही लावायचंच असेल तर १५-२० पौंडांच्या वर नको, आणि दिवे व नंबरप्लेट झाकली जाता कामा नये.

माप: कुठे अडेल

टंगवर पेटी चार ठिकाणी अडते.

पहिली, जॅकचं हँडल. ते पूर्ण गोल फिरवून पाहा, वर बोटांसाठी दोन इंच सोडा. दुसरी, गाडीचं मागचं दार. ट्रेलर सरळ जोडलेला असताना दार पूर्ण उघडलं पाहिजे. तिसरी, कपलरची कडी, साखळ्या, वायरचा प्लग आणि ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणाऱ्या स्विचची) तार; यांपर्यंत हातमोजा घातलेला हात पोचला पाहिजे.

चौथी सगळ्यात महागात पडणारी: रिव्हर्स घेताना ट्रेलर काटकोनाकडे वळला की गाडीच्या बंपरचा कोपरा पेटीला येऊन भिडतो. हे आधी मोजता येतं. हिचच्या बॉलच्या मध्यापासून बंपरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरा. ७२ इंची बंपर आणि बॉल त्याच्या १० इंच मागे असेल तर हे अंतर सुमारे साडेसदतीस इंच येतं. पेटीचा प्रत्येक बिंदू बॉलपासून याहून दोन-तीन इंच लांब असेल तर कितीही वळवा, बंपर लागणार नाही. आपल्या उदाहरणात पेटी पुढून मागे १८ इंच खोल आहे, तिची पुढची कड बॉलपासून ३१ इंचांवर येते. पुढचे कोपरे मध्यरेषेपासून १२-१२ इंचांवर असतील तर ते बॉलपासून जेमतेम ३३ इंच. म्हणजे अगदी तिरक्या रिव्हर्समध्ये लागेल. अशा वेळी पुढे निमुळती पेटी घ्या किंवा कमी खोलीची. लांब बॉल माउंट लावून बॉल मागे सरकवण्याचा मोह टाळा. लांब दांडीने हिचवरचा ताण वाढतो.

पेटी मागवण्याआधी त्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं टंगवर टेपने चिकटवा आणि मोकळ्या पार्किंगमध्ये दोन्ही बाजूंना रिव्हर्स घेऊन पाहा. बाहेर एक माणूस उभा हवा.

पेटी कोणती

बाजारात हिऱ्याच्या नक्षीच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्याच्या टंग पेट्या मिळतात, बहुतेक ०.०६३ इंच जाडीच्या. हलक्या असतात, पण झाकण दाबलं की लवतं आणि रबर नीट बसत नाही. ४८ बाय १८ बाय १८ इंचांच्या साध्या चौकोनी पेटीला सुमारे साडेअठ्ठावीस चौरस फूट पत्रा लागतो. ०.०६३ चा धरला तर २५ पौंड, १/८ इंची धरला तर ५० पौंड. मधली ०.०८० ची मिळाली तर तीच घ्यावी. झाकणाला आतून आडवी पट्टी असेल तर पातळ पत्राही चालतो. अशा पेटीत ९ घनफूट जागा असते, आणि ती जागा भरायचा मोह आवरत नाही. पाच गॅलन पाणी म्हणजे ४२ पौंड. म्हणून गरजेपेक्षा एक माप लहान पेटी घेणं शहाणपणाचं.

लाकडी पेटी घरी बनवता येते, पण टंगवर गाडीच्या मागच्या चाकांचं पाणी आणि खडे सतत आपटतात. प्लायवूडच्या कापलेल्या कडा इपॉक्सीने पक्क्या बंद केल्या नाहीत तर त्या पाणी पितात आणि थर सुटतात.

जोडणी

पेटी ट्रेलरच्या भिंतीला कधीच टांगू नका. या ट्रेलरच्या भिंती म्हणजे पातळ पत्रा आणि फोम किंवा लाकडी पट्ट्या. त्या स्क्रूला धरून ठेवत नाहीत. सगळा भार सांगाड्यावर गेला पाहिजे.

लागणारं सामान: दीड बाय दीड इंच, ३/१६ जाडीचे दोन लोखंडी अँगल, टंगच्या नळीच्या मापाचे चार चौकोनी यू-बोल्ट, ३/८ इंची, पेटीच्या तळासाठी सहा ५/१६ इंची स्टेनलेस बोल्ट, तेवढेच नायलॉन लॉकनट, दोन इंची चौकोनी अ‍ॅल्युमिनियम पट्ट्या वायसर म्हणून, आणि १/८ इंच जाडीची ईपीडीएम रबराची पट्टी.

दोन्ही अँगल टंगच्या दोन बाजूंवर आडवे ठेवा, एक पेटीच्या पुढच्या कडेखाली आणि एक मागच्या. यू-बोल्टने आवळा. असं केल्याने टंगला एकही भोक पाडावं लागत नाही, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं. टंग वाकते तेव्हा नळीच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावर ताण सर्वाधिक असतो. तिथे पाडलेल्या भोकापासून बारीक तडा सुरू होतो आणि रंगाखाली वाढत जातो. ट्रेलरच्या पुढच्या आडव्या दांड्याला टंग जिथे मिळते तिथे तर भोक अजिबात नको. भोक टाळताच येत नसेल तर नळीच्या उभ्या बाजूच्या मध्यावर पाडा आणि बोल्टभोवती आत नळकांडी घाला, नाहीतर आवळताना पोकळ नळी चेपते आणि काही दिवसांनी बोल्ट सैल होतो. यू-बोल्ट आवळण्याआधी दिव्यांची आणि ब्रेकची वायर कुठून जाते ते बोटांनी चाचपून घ्या. ती बरेचदा टंगला चिकटून असते, आणि यू-बोल्टखाली सापडली तर मागचे दिवे मधूनच जातात.

टंग त्रिकोणी नसून एकच मधली नळी असेल, तर दोन अँगल पुरत नाहीत. पेटी डावी-उजवीकडे पिळते. अशा ठिकाणी प्रत्येक अँगलच्या टोकापासून ट्रेलरच्या पुढच्या दांड्यापर्यंत तिरका टेकू द्यावा लागतो.

अँगलवर रबर चिकटवा, त्यावर पेटी ठेवा. हे रबर आवाजासाठी नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड ओले असताना एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्या राज्यांत हे फार झपाट्याने होतं, पेटीच्या तळाला पांढरी भुकटी दिसायला लागते. स्टेनलेस बोल्टचा तसा त्रास कमी, कारण मोठ्या पत्र्याच्या मानाने त्याचं क्षेत्र लहान असतं, तरी भोकांत नायलॉनचे वायसर घाला. स्टेनलेसच्या नट-बोल्टला अँटी-सीझ, म्हणजे आटे अडकू न देणारं वंगण, लावल्याशिवाय आवळू नका. आटे एकमेकांत घट्ट अडकतात आणि मग बोल्ट कापूनच काढावा लागतो. आवळताना रबर कडेने किंचित फुगलं की थांबा. त्याहून जास्त आवळलं तर पातळ तळ खोलगट होतो आणि त्यात पाणी साचतं.

पाणी आणि धूळ

पेटीत पाणी वरून कमी, खालून जास्त येतं. पुढच्या गाडीच्या चाकांचा फवारा तळाच्या बोल्टांतून, वायरच्या भोकातून आणि बिजागरीच्या फटीतून आत घुसतो. बोल्टांच्या डोक्याखाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावा, सांध्यांना पॉलियुरेथेन सीलंट. घरातलं सिलिकॉन वापरू नका: ते सुटतं, आणि त्याच्या उरलेल्या थरावर दुसरं काहीच चिकटत नाही.

झाकणाचं रबर तपासायला एक साधी युक्ती आहे. कागदाची अंगठ्याएवढी पट्टी कडेवर ठेवून झाकण बंद करा आणि ओढा. दर आठ इंचांवर हे करा. पट्टी सगळीकडे सारख्या जोराने अडली पाहिजे. जिथे सहज निघते तिथे रबराखाली आणखी एक पातळ थर द्या. बहुतेक पेट्यांत सैल जागा दोन कड्यांच्या मधोमध सापडते, कारण तिथे झाकण वर उचललं जातं.

तळाच्या दोन कोपऱ्यांत पाव इंची भोकं मुद्दाम ठेवा आणि त्यांवर खालून छोटी तिरकी टोपी लावा, म्हणजे आत आलेलं पाणी निघतं पण फवारा वर येत नाही.

झाकणाची बिजागरी मागे, ट्रेलरच्या बाजूला असते. कडी सुटली तर ६० मैलांच्या वेगाला वारा झाकणाखाली शिरतो आणि ते उलटं फेकतो, पुढच्या भिंतीला खोक पडते. म्हणून कड्या दोन हव्यात आणि त्यांखेरीज एक पिन किंवा पट्टा. झाकण उचलून धरायला गॅसचे दांडे लावायचे असतील तर १२ पौंडांच्या झाकणाला प्रत्येकी २० पौंडांचे दोन पुरतात. जास्त जोराचे घेतले तर बंद झाकणालाच ते सतत वर ढकलत राहतात आणि पातळ पत्र्यातले रिव्हेट उपटतात.

चाकापुढच्या बाजूच्या पेट्या

काही ट्रेलरांना मडगार्ड आणि पुढच्या कोपऱ्याच्या मधे बाजूला जागा असते. वजनाच्या दृष्टीने ही जागा टंगपेक्षा चांगली, कारण अ‍ॅक्सलजवळ आहे. पण पेटी बाहेर लटकते, म्हणून सांगाड्याच्या मुख्य दांड्याखालून दीड इंची चौकोनी नळीचे दोन हात काढावे लागतात, प्रत्येकाला दोन बोल्ट आणि वर त्रिकोणी टेकू. टायरपासून सगळीकडे तीन-चार इंच मोकळे ठेवा. खड्ड्यात सस्पेन्शन दबतं तेव्हा चाक वर येतं. दार पूर्ण उघडतंय का, टायर बदलताना जॅक लावायची जागा झाकली जात नाही ना, हे बसवण्याआधी पाहा. दोन्ही बाजूंना सारखं वजन भरा. एका बाजूला साधनं आणि दुसऱ्या बाजूला उशा, असं चालत नाही.

आत काय ठेवायचं नाही

प्रोपेनचा सिलिंडर बंद पेटीत ठेवू नका. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तळाशी साचतो, आणि पेटीतल्या एका दिव्याच्या स्विचची ठिणगी पुरते. सिलिंडर टंगवर उघड्या चौकटीतच उभा बांधावा, आणि भरलेला २० पौंडी सिलिंडर टाकीसकट सुमारे ३७ पौंडांचा असतो हे हिशोबात धरावं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो वर जातो. तिच्या पेटीला वर झरोका लागतो आणि त्याच पेटीत गॅसचं काहीही नको. पेट्रोलचा कॅन आणि जनरेटरही बाहेरच.

खाण्याचं सामान हा वेगळा विषय. योसेमिटी नॅशनल पार्कसारख्या ठिकाणी कॅम्पसाइटवर लोखंडी कपाटं दिलेली असतात आणि अन्न, टूथपेस्ट, साबण, वास येणारं सगळं त्यात ठेवणं बंधनकारक आहे. पत्र्याची टंग पेटी अस्वलासमोर टिकत नाही, ते कड उचकटून झाकण सोलतं. कुलूप लावलं म्हणून फरक पडत नाही. आपल्या मसाल्याच्या डब्याचा आणि हिंगाचा वास रिकाम्या पेटीतही रेंगाळतो, तेव्हा अस्वलांच्या भागात जायचं असेल तर या पेटीत स्वयंपाकाचं काही ठेवायचंच नाही. खुर्च्या, ठोकळे, होजपाइप, पाने, ताडपत्री यांच्यासाठी ती उत्तम.

जड वस्तू तळाशी, ट्रेलरकडच्या बाजूला. आतलं सामान हलता कामा नये, नाहीतर पान्यांची पिशवी प्रत्येक खड्ड्याला पत्र्यावर घणासारखी बसते. तळाला रबरी चटई आणि एक आडवा पट्टा पुरतो.

पहिली फेरी

पेटी बसवून भरल्यावर टंगचा भार पुन्हा मोजा. कागदावरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा पाच-दहा पौंडांनी वेगळा निघणं साहजिक आहे, पण त्याहून जास्त फरक आला तर एखादं अंतर चुकीचं मोजलं गेलंय. मग होजपाइपने खालून वर, चाकाच्या फवाऱ्यासारखं, पाच मिनिटं पाणी मारा आणि आत वर्तमानपत्र अंथरून ओल कुठे दिसते ते पाहा.

पहिल्या ५० मैलांनंतर थांबून यू-बोल्ट तपासा. रबर बसतं, रंग दबतो, आणि नट पाव-अर्धा फेरा सैल झालेले सापडतात. नटावरून बोल्टवर आणि अँगलवर रंगाच्या पेनाने एक सरळ रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरला आहे. वर्षातून एकदा पेटीखाली टॉर्च मारून अँगलच्या टोकांजवळचा टंगचा रंग पाहा. केसासारखी गंजाची रेषा दिसली तर ट्रेलर ओढायचा थांबवून ती जागा वेल्डरला दाखवा.